स्वयंपाकघरातला फोन

आबा, आज तुम्ही बसवलेली तार मी सोडवली. दाराच्या चौकटीवरच्या डबीत बाहेरून येते ती. टेलिफोनची लाईन पावसाळ्यापासून मुकीच होती, तक्रारी करून मी कंटाळले होते. शेवटी आपल्या धाकट्याने मस्कतहून एक लहानसं खोकं पाठवलं, इंटरनेटवरून फोन लावायचं. इंटरनेट आता जव्हारलाही केबलवाल्याच्या तारेतून येतं. खोकं घरातल्या जुन्या वायरिंगला जोडलं की तुमचे दोन्ही फोन पूर्वीसारखे वाजतील, पण आधी बाहेरून येणारी तारांची जोडी सोडवायची, नाहीतर एक्सचेंजचा करंट येऊन खोकं जळेल. एवढं मला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी त्याच डबीत मी बोट घातलं आणि नेमकी रिंग आली. तुम्ही आधी डबीचं झाकण लावलंत, मग मला जवळ घेतलंत. "तार गप्प दिसली म्हणून गप्प असते असं नाही," एवढंच म्हणालात. लाईनमनची मुलगी, आणि हे शिकायला झटका बसावा लागला.

शाळेतून आले होते, पाय दुखत होते. आईला आंघोळ घालायची राहिली होती. तिला मोबाईल धरवत नाही, बोटं थरथरतात. तिला स्वयंपाकघरातलाच फोन हवा, भिंतीला टेकून बोलता येतं तो. सूर्यमाळच्या पाड्यांवरच्या बाया आपल्याकडे फोन घ्यायला यायच्या, नवरे ठाण्याला कामावर असायचे. तेव्हा फोन एकच, बाहेरच्या खोलीत; तिथे पुरुषमाणसं बसलेली, बायांच्या तोंडून शब्द फुटत नसे. त्यातली एक सकाळपासून ओट्याशी बसून राहिलेली मला अजून दिसते. "भाऊ, आज तरी येल का त्याचा फोन?" फोन आला, आणि ती सगळ्यांसमोर नुसतं "हां, हां" म्हणत राहिली. पुढच्या रविवारी तुम्ही आत स्वयंपाकघरात तार ओढलीत, दुसरा फोन बसवलात.

खोकं जोडलं तर बाहेर टोन आला, आत नाही. ओट्याखालचा जोड हिरवा पडला होता. सुरीने तांबं खरवडलं, पुन्हा पिळलं. आई बघत होती. म्हणाली, "राहू दे गं, उद्या कर." मी केलं. थोड्या वेळाने दोन्ही फोन एकदम वाजले. आईने आत उचलला, आणि बाहेरच्यावर आवाज येतो का बघायला मी इकडे उचलला.

धाकटा म्हणत होता, "ताई आहे ना तुझ्याजवळ, मग मला काळजी नाही."

आई म्हणाली, "तीच दमलीय रे. रात्री माझ्यासाठी उठते, सकाळी शाळा. तू दोन महिने ये. आणि मी बोलले हे तिला सांगू नको."

मी रिसीव्हर हळूच ठेवला आणि तिथेच खाली बसले. आईला काहीच दिसत नाही असं मी धरून चालले होते. आत गेले तेव्हा ती म्हणाली, "आवाज छान येतो हो." मी म्हटलं, "येतो ना?" धाकटा मग माझ्याशी बोलताना दिवाळीनंतर येतो म्हणाला, आपणहून सुचल्यासारखं. मीही तसंच ऐकून घेतलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. आबा, हल्ली तुमची आठवण रोज येत नाही. दमून झोप लागते.