बिनखाड्याचा बाप

इंदिरानगर, नाशिक

प्रिय लहानू,

श्रेयसचा जबडा उघडतो का रे आता? तारा काढल्या असं कारखान्यातला गेणू म्हणाला. पेजेवरच आहे की मऊ भात चालतो? डाव्या कानानं थोडं तरी ऐकू येतंय का? कुसुमवहिनींचं बीपी कसं आहे? आणि तुझे गुडघे? तू फोन उचलत नाहीस, त्यात तुझी चूक नाही. पोराचं तोंड फोडणाऱ्याच्या बापाशी काय बोलायचं. पण सोमवारी पोलीस मनमाडला येऊन श्रेयसचा जबाब घेणार आहेत. त्याच्या आधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून गेणूबरोबर धाडतोय.

आमच्याकडचं सांगतो. आरोहीचे बाळंतपणातले झटके थांबले, पण डाव्या अंगात अजून ताकद नाही, सुनेला कुशीवर वळवायलाही माणूस लागतं. नात दिवस भरायच्या खूप आधी आली. जन्मली तेव्हा नऊशे ग्रॅम होती, आता पाच आठवड्यांनी तेराशे. अमोल तुरुंगात. वकील म्हणतो, जामीन श्रेयसच्या जबाबावर आहे.

माझ्या पोरानं काय केलं ते मी झाकणार नाही. सिस्टरनं सांगितलं होतं, आईला जमत नाही तर बापानं बाळ छातीशी धरावं, अंगाला अंग लावून, दिवसाचे सात-आठ तास. तीच ऊब तिला लागते. श्रेयस त्याचा सुपरवायझर, म्हणून अमोल रजेचा अर्ज घेऊन त्याच्यापुढे तीनदा उभा राहिला. पहिल्यांदा तो 'बघू' म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "बाळंतीण तू आहेस का?" सगळं खातं हसलं. तिसऱ्यांदा अर्ज न वाचताच परत दिला. सहाव्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन आला, पोर निळी पडली होती, श्वास परत आणलाय, ताबडतोब या. गेटपासवर सुपरवायझरची सही लागते. श्रेयस खाली मान घालून म्हणाला, "साडेतीनला सुटी होईल, तेव्हा जा."

अमोलनं त्याची मान धरून तोंड प्रेसच्या टेबलावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. दोन दात खाली पत्र्याच्या कात्रणात पडले. श्रेयस गुडघ्यांवर आला तरी हा थांबला नाही, हाताला लागला तो पाना कानावर घातला. गेणूनं मागून कवळ घातली तर कोपर मारून त्याचंही नाक फोडलं. श्रेयसनं मात्र उलटा हात उचलला नाही. लोक म्हणाले, घाबरला.

अमोल तसाच रक्तानं भरलेल्या शर्टात दवाखान्यात गेला. सिस्टरनं दारात अडवलं. बेसिनवर कोपरापर्यंत हात घासत होता, पाणी लाल वाहत होतं, तिथंच पोलिसांनी धरलं. पोरीला त्यानं त्यानंतर पाहिलेलं नाही. मागच्या भेटीत मला म्हणतो, "आबा, बाहेर आलो की त्याचा दुसरा कान फोडतो." मध्ये जाळी होती म्हणून, नाहीतर मी त्याच्या मुस्काटात दिली असती. खरं तर मुस्काटात कोणाच्या द्यायची, हे मला कळत होतं.

आता पोरीला मी धरतो. एकाहत्तर वर्षांचा म्हातारा, सिस्टरनं छातीचे केस भादरायला लावले. मधेच ती श्वास घ्यायचं विसरते, तेव्हा तळपायाला टिचकी मारायची. काल दोनदा मारावी लागली. तिथं बसून खूप आठवतं रे. अमोल झाला तेव्हा मी त्याला तिसऱ्या दिवशी पाहिलं, जोडपाळ्या उरकून. त्या वर्षी बिनखाड्याचा कामगार म्हणून माझा सत्कार झाला, तू टाळ्या वाजवल्यास. ती गोष्ट मी आजवर छाती काढून सांगत आलो. कामावरचा खाडा मला चोरीसारखा वाटायचा.

लहानू, रजा श्रेयसनं नाकारली नाही. मी नाकारली. नात झाली त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला. अमोल चार वर्षं टेम्पररी राबत होता, एक तारखेच्या कायम करायच्या यादीत त्याचं नाव होतं. म्हटलं, पोरगा हळवा आहे, अर्ज घेऊन येईल, तू सही करू नकोस, एक खाडा पडू देऊ नकोस, आणि हे त्याला कळता कामा नये, तुला माझी शपथ आहे. तुझा लेक म्हणाला, "काका, पोर नाजूक आहे, जाऊ द्या ना त्याला." मी उलट त्यालाच झापलं, की बघायला डॉक्टर आहेत, बापाचं तिथं काय काम. टेबलावर तोंड आपटत असताना श्रेयस 'तुझ्या बापानं सांगितलं' एवढं बोलला असता तरी अमोलचा हात थांबला असता. तो बोलला नाही. नंतरही तुला, घरच्यांना, कोणालाच नाही. ती शपथ मी आज मोडून टाकतो. सोमवारी त्यानं माझं नाव घ्यावं. केस मागे घे असं मी म्हणत नाही, अमोलनं केलं ते अमोल भोगेल. त्यालाही मी शनिवारी हे सांगणार आहे, मग त्यानं माझं तोंड पाहो न पाहो. मला श्रेयससमोर येऊन बसायचंय. येऊ की नको, तेवढं लिही. एक ओळ लिहिलीस तरी चालेल, पण लवकर लिही. गेणू तुझ्या उत्तरासाठी तिथं थांबणार आहे.

तुझाच,
कोंडाजी