चर्चिलवरून बिघडलेल्या घराची वाटणी

मी, धर्मा लखमा विशे, वय ७२, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार आटगाव, तालुका शहापूर, आज डोके ठिकाणावर असताना आणि कोणी दटावलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर नाही असे फक्त माझा मित्र चांगो धानके म्हणतो, म्हणून त्यालाच साक्षीला बसवले आहे.

भातशेत मुलगा दीपेश याला. अट एवढीच की लावणीच्या दिवशी तरी त्याने पॅंट दुमडून चिखलात उतरावे, बांधावर छत्री धरून हुकूम सोडू नयेत.

लढाईवरची माझी सर्व पुस्तके सदर चांगोला. समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा त्याने खोडू नयेत. नवी इंग्रजी पुस्तके वाचून हल्ली त्याचे मत झाले आहे की, चर्चिलने चाळीस साली हिटलरशी तह केला असता तर इंग्रजांचे साम्राज्य टिकले असते. अरे शहाण्या, टिकले असते तर कसाऱ्याच्या रेल्वे नोकरीत गोऱ्या साहेबाला सलाम ठोकता ठोकताच रिटायर झाला असतास!

राहते घर माझी वहिनी हौसा धाऊ विशे यांना, त्या हयात असेपर्यंत. त्यांची चूल कोणी हलवू नये. थोरला भाऊ धाऊदादा इंग्रजांच्या पलटणीत गेला आणि चव्वेचाळीस साली इटलीत लढताना पडला. तेव्हा मी बारा वर्षांचा. आईबाप आधीच गेलेले. वहिनींनी दुसऱ्यांच्या शेतात राबून मला मास्तर केले.

आणि मी काय दिवे लावले? गेल्या गणपतीत वाचनालयात याच चर्चिलवरच्या वादसभेत चांगोला चीत करायच्या भरात गरजलो, "राज्य गोऱ्यांचे, भांडण गोऱ्यांचे, आपली माणसे फुकट मेली!" टाळ्या पडल्या. वहिनी पुढेच बसल्या होत्या. त्या उठून गेल्या. तेव्हापासून भाकरी सून अनिताच्या हातून येते, शब्द एकही येत नाही. मला फार लाज वाटते. सबब, ते वाक्य मी सपशेल मागे घेत आहे.

ता. क. नोंदणीआधी हा मजकूर वहिनींना चुलीपुढे बसून वाचून दाखवला. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. वर्षात पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या, ते जसेच्या तसे लिहितो: "मागं कशाला घेतोस? फुकटच गेले ते. साठ वरसं झाली, मला नाय ठाऊक? पन ते मी बोलायचं. तू नाय रे."

म्हणून वरील कलमात दुरुस्ती: ते वाक्य हौसावहिनींचे आहे. त्यावर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही.

सही: धर्मा लखमा विशे

साक्षीदार:
१. चांगो धानके
२. देवजी पाटोळे

शहापूर, १७ ऑगस्ट २००४