एका बाजूचा राजदीप

४ जानेवारी २००६, उमरखेड
फुलसावंगी सोडून आज इथे आलो. खोली स्वच्छ आहे, नळ अंगणातच. दीपमालाची शाळा जवळ, म्हणून पोर सकाळपासून गाणं म्हणते आहे. मलाही बरं वाटलं. हबीबचाचांच्या छापखान्यात काम मिळालं. ते तांब्याच्या लहान पत्र्यावर गेलेल्या माणसाचा चेहरा कोरतात आणि श्रद्धांजलीच्या कार्डावर छापतात. यंदा कार्डं फार लागतात.

९ जानेवारी
काम शिकले. पत्र्याला शाई चोळायची, मलमलीने पुसायची, शेवटी उघड्या तळव्याने. शाई फक्त कोरलेल्या रेघांत उरते. मग वर ओलसर कागद ठेवून दोन रुळांतून काढायचा. चाचा चेहरा बाजूनेच कोरतात, एकच डोळा. कार्डं झाली की पत्र्यावर कोरणीने आडवी रेघ ओढतात, म्हणजे पुन्हा छापता येत नाही. काहून, असं विचारलं. म्हणाले, गेलेल्याले सारखं बोलवू नये बाई, एखादा रिकामटेकडा खरंच येऊन बसते. आणि आपणच हसले.

१७ जानेवारी
चाचांना माझ्या नवऱ्याचा, राजदीपचा फोटो दिला. एकच आहे, कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या मजुरांचा. त्यात तो बाजूला बघतो. तीन वर्षांपूर्वी तो जिनात कापसाच्या ढिगाखाली गुदमरला. बांधूनच आणला, तोंड मला दाखवलं नाही. ते एकदा बघायचं राहिलं आहे. चाचांनी रुपयाएवढा चेहरा कोरला. गालावर बारीक रेघा, केसांत खोल. कागदावर काढून मला एक ठसा दिला. रेघ मीच ओढते, असं चाचांना म्हटलं. ओढली नाही.

२० जानेवारी
चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले. एक ठसा काढला. नाकापलीकडे पापणीचे केस दिसले. पत्र्यावर बोट फिरवलं, तिथे तांबं गुळगुळीत आहे.
डावा तळवा बधिर झाला. शाईने असेल.

२७ जानेवारी
आणखी दोन ठसे. चेहरा वळतो आहे. पलीकडच्या गालाची कड आली. माझ्या डाव्या हाताला खांद्यापर्यंत काही कळत नाही. सुई टोचून पाहिली. दीपमाला म्हणाली, आई, तू अर्धीच हसतेस.

३ फेब्रुवारी
डाव्या डोळ्याने दिसत नाही. चाचांनी ओळखलं. ओरडले, आत्ताच्या आत्ता रेघ मार, पोरीकडे तरी पाह्य. हो म्हटलं. ते नमाजला गेल्यावर ठसाच काढला. दुसरा डोळा आला. मिटलेला आहे.
मला भीती वाटायला हवी.

६ फेब्रुवारी
आरशात नाकापलीकडे मी नाही. मागची भिंत दिसते. दीपमालाला डाव्या बाजूला बसू देत नाही.

१० फेब्रुवारी
काढला. डोळा उघडा. पुरा चेहरा — राजदीपच. बघितला. पण तो माझ्याकडे बघत नाही. माझ्या डावीकडे —

दीपमाला छापखान्यात आली आहे. शाळा लवकर सुटली. डावीकडून हाका मारते, आई, कुठं गेलीस. मी इथेच आहे, पोरी, या बाजूने ये —

कोरणी घेतली. डावा तळवा पत्र्यावरून निघत नाही. एका हाताने —

ठसा तिने उचलला. म्हणते, बाबा. म्हणते, आई, माझी बोटं बधिर —

टाक तो. दीपमाला, टाक, मी रेघ ओढ—