चौथी जागा

३ मे

पोचलो. होडीतून उतरतानाच वासाने डोळ्यांत पाणी आलं आणि बेटावरचे सगळे हसले. इथे नुसती शीट. पाणकावळ्यांनी वर्षानुवर्षं घातलेला थर खणायचा, चाळायचा, पोत्यांत भरायचा आणि धक्क्यापर्यंत पाठीवर वाहायचा. खत म्हणून अर्ध्या पेरू देशात जातं. मास्तरची कॉलर धरली नसती तर या आठवड्यात कॉलेजात भूगोलाचा पेपर लिहीत असतो. गेलं खड्ड्यात. मी खूश आहे. नोएमी म्हणालीय, चौदा तारखेपर्यंत आलास तर तुझ्याबरोबर लिमाला निघते, नाहीतर पंधराला त्या औषधवाल्याला हो म्हणते. तेराला होडी परत जाणार. तेवढ्यात प्रवासापुरते पैसे सहज सुटतील.

४ मे

पहाटे घंटा, मग रांग. पोतं पन्नास किलोचं. प्रत्येकाची जागा ठरलेली, रोज समोर तीच पाठ. मी सगळ्यात शेवटी. मुकादम ऑरेलियोला सगळे ताय्ता म्हणतात, म्हणजे बाप. तो म्हणाला, पोरा, डोकं घरी ठेव, पाय तेवढे आण. ज्याला रोज तेच ते आवडतं तोच इथे टिकतो.

रांगेत तिसऱ्या माणसामागे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी असते. शेजारी झोपणाऱ्या फाउस्तिनोला विचारलं. म्हणाला, ती कासिमिरोची. एकोणीस हंगाम पोती वाहिली त्याने, मागच्या वर्षी चढावर पोत्याखालीच गेला. त्याला थांब असं कुणी सांगितलंच नाही, रांग निघाली की तोही निघतो. मी हसलो. त्याने मूठभर भाजलेला मका पुढे केला आणि म्हणाला, हस बाबा, तू शिकलेला.

७ मे

खांदे सोलून निघालेत. शेवटच्या माणसाने सगळ्यांची धूळ खायची. त्यात फाउस्तिनो म्हणाला, तुझी नोएमी आत्ता औषधवाल्याकडून खोकल्याचं औषध घेत असेल, फुकट. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मेलेल्याला मोकळी हवा आणि जिवंत माणसाला धूळ? पोतं घेऊन सरळ पुढे गेलो आणि चौथ्या जागेत शिरलो.

कुणी थांबलं नाही. कुणी वळूनही पाहिलं नाही.

पोत्याला वजनच नव्हतं.

८ मे

ताय्ताने छातीवर क्रूस केला आणि मला मागे जायला सांगितलं. गेलो. घंटा झाली तेव्हा मात्र मी चौथा उभा होतो. मी तिथवर चालत गेलो नव्हतो. जेवताना कुणी माझी टिंगल केली नाही, तेच जास्त लागलं.

१० मे

रविवार, सुट्टी. सगळे कपडे धूत होते. फाउस्तिनोने दंड धरून हलवलं तेव्हा कळलं, मी सकाळपासून रिकाम्या पाठीने धक्का ते चढ, चढ ते धक्का करतोय. तो म्हणाला, नोएमीवरून चेष्टा केली रे मी, एवढीच चेष्टा केली. रडत होता.

उजव्या खांद्यावर घट्टा पडलाय, जुना, कातड्यासारखा. मी पोतं डाव्यावर घेतो.

१२ मे

नोएमीचा चेहरा आठवत नाही. डोळे मिटले की तिसऱ्या माणसाची पाठ. केस आठवायला गेलो — पाठ. ताय्ता म्हणतो, उद्या तुला उचलून होडीत टाकतो, बेट सुटलं की सुटशील.

१३ मे

होडीत आहे. दोघांनी धरून बसवलं. निघालो — खरंच निघालो. नोएमी, उद्या —

बेटावर घंटा झाली. इथवर ऐकू येते. रांग चढावर, बारीक दिसते. तिसऱ्यामागे मोकळं —

होडीवाला म्हणतोय, खाली बस, पडशील. मी सांगतोय त्याला, बसलोच आहे. पण तो वर बघून बोलतोय. पायांना पाणी दिसत नाही. त्यांना फक्त रांग — नोएमी, मी येत होतो, तुझ्याकडेच येत हो