बिनमाइकची राणी

बोरटोला, ता. सावली
मंडईची जत्रा होऊन आठवडा झाला. अर्ध्या बांध्यांतलं धान कापायचं बाकी

सिंहासनाधीश मुखरूभाऊ महाराज, हल्ली मुक्काम गडचांदूर, यांच्या पायांशी इसरूचा नमस्कार आणि राणीसाहेबांचा पदर सावरून मुजरा. इकडे मी आणि सुगंधा दोघंही खातोपितो, भांडतो, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तुझी साखर, तुझा गुडघा आणि तुझी सून तिघंही ताब्यात असतील अशी आशा करतो. (सूनबाई हे पत्र तुला वाचून दाखवत असेल तर तिला अनेक आशीर्वाद, आणि मागचं वाक्य तिनं गाळून वाचावं.)

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर फोनवर तू दोनदा "हव, हव" म्हणतोस आणि फोन नातवाच्या हातात देऊन मोकळा होतोस. मग नातू मला विचारतो, आबाजी, तुमच्याकडे वाघ निघाला का? मी म्हणतो, निघाला. तो म्हणतो, बरं ठेवतो. कागदाचं तसं नाही, कागद तुला शेवटपर्यंत धरूनच बसावं लागेल. दिवाळीत मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, "इसरू, चांगले दिवस पाहून झाले. आता काय राह्यलं?" वहिनी गेल्यापासून तू हेच म्हणतोस आणि मीही दर वेळी होकार भरतो. तेव्हाचं पाणी गोड, तेव्हाची माणसं गोड, तेव्हाचं सगळंच गोड. (एवढं गोड होतं तर दर हिवाळ्यात अर्धं गाव हिवतापानं गोधडीत का पडलेलं असायचं, हे आपण दोघांनीही कधी विचारलं नाही.) या दिवाळीलाही मी होकार भरला. पण त्यानंतर मंडईत माझ्यावर जे गुदरलं त्यामुळे तो होकार मागे घेतो आहे. कसा, ते सविस्तर लिहितो.

आपला ढोलकीवाला पोचू तुला आठवत असेलच, कारण तुझं लग्न त्याच्याच ढोलकीवर लागलं. त्याची नात दिव्यानी तू गाव सोडलंस तेव्हा शाळेत जायची. आता ती पिकअपभर स्पीकर आणि एका जनरेटरची मालकीण आहे. गाडीवर "दिव्यानी साउंड सर्व्हिस" असं मोराच्या पिसाऱ्यासकट रंगवून घेतलं आहे. सावलीपासून सिंदेवाहीपर्यंत लग्न असो की नाटक, आधी तिची तारीख घेतात आणि मग भटजीची. वायर घेऊन स्वतः खांबावर चढते. ही पोरगी दसऱ्याला माझ्या अंगणात येऊन बसली आणि म्हणाली, "आबाजी, यंदा मंडईत दिवसा दंडार करू. जो तो म्हणते पहिले लय मस्त होये. करून तं कोणी दाखवतच नाई."

मी काय सांगू, अंगावर काटा आला. हल्लीच्या पोरांना मंडई म्हणजे झुले, जलेबी आणि अंधार पडल्यावरचं नाटक, एवढंच ठाऊक आहे. दंडारीत भर दुपारी मैदानात ढोलकी-टाळ वाजायचे, तू पुठ्ठ्याचा मुकुट घालून राजा व्हायचास आणि मी लुगडं नेसून राणी, हे सांगितलं की ती हसतात. म्हणून मी लगेच हो म्हटलं, पण अट घातली. दंडार होईल तर आपल्या जमान्यासारखी होईल. माइक नाही, स्पीकर नाही, काही नाही. गळ्यात दम असला की झालं. दिव्यानी म्हणाली, "माइक नाई?" मी म्हणालो, नाही. आमचा आवाज वैनगंगा ओलांडून गडचिरोली जिल्ह्यात जायचा. (तेव्हा जिल्हा एकच होता, त्यामुळे जायला सोपं होतं, हे मी तिला सांगितलं नाही.)

मग महिनाभर मी पानठेल्यावर जे भाषण सुरू केलं ते थांबवायची कोणाची छाती नव्हती. आमच्या काळी राणीनं सूर लावला की पल्याडच्या खळ्यावरचे बैल थांबायचे. आमच्या काळी ढोलकी ओली झाली तरी बोलायची. ठेलेवाल्यानं शेवटी माझ्यासाठी वेगळा स्टूल मांडला, ठेल्यापासून जरा दूर. तालमी मात्र माझ्या तोंडासारख्या चालत नव्हत्या. राजाच्या कामाला विक्की मिळाला, आपल्या शेजारच्या नंदिनीचा मुलगा. जिममध्ये जाऊन त्यानं दंड असे केले आहेत की राजाचा अंगरखा खांद्यावरच फाटला. दिसतो राजबिंडा, पण बोलायला लागला की ढालीकडे पाहतो, कारण सगळी भाषणं त्यानं ढालीच्या आत चिकटवली होती. लढाईत ढाल उलटी झाली की राजा मुका. घरी सुगंधानं लुगडं द्यायला साफ नकार दिला. "लग्नात आलेलं हाय, तुमच्या घामानं सडवाले नाई देत." शेवटी पोचूच्या बायकोचं आणलं. मिशी काढून घरात आलो तर सुगंधानं मला पाहून डोक्यावर पदर घेतला. कोणी परका बाप्या आला असं वाटलं म्हणे!

आणि एक गोष्ट मी पानठेल्यावर सांगितली नाही. तालमीत सूर लावला की दुसऱ्या ओळीपाशी श्वास संपायचा. मी म्हणायचो, धानाची धूळ आहे. मग म्हणायचो, थंडी आहे. एकदा धानाच्या तनसाच्या ढिगामागे जाऊन एकटाच म्हणून पाहिलं, तेव्हा ना धूळ होती ना थंडी, तरी संपला. मुखरूभाऊ, गावभर एवढं बोलून ठेवल्यावर आता माघार कशी घ्यायची? ढिगापलीकडे दिव्यानी वायर गुंडाळत होती. तिनं ऐकलं असावं, पण वर पाहिलं नाही.

मंडईच्या दिवशी मैदान असं भरलं की सांगता सोय नाही. मोटारसायकली इतक्या की झुलेवाल्याला जागा उरली नाही. ढोलकीवर पोचूच बसला. हात कापतात त्याचे, पण ढोलकीपाशी गेले की कापत नाहीत. मी पडद्याआड लुगडं सावरत होतो.  तेवढ्यात दिव्यानी आली, "आबाजी, गजरा ढिला झाला, थांबा जरा," म्हणाली आणि अंबाड्यात काहीतरी खुपसून गजरा घट्ट बांधून गेली. मी देवाचं नाव घेतलं, मैदानात उतरलो आणि तोंड उघडलं,

राजा गेला शिकारीले, धान राह्यलं बांधीले,
उतरा महाराज घोड्यावरून, इळा घ्या कापणीले!

अरे काय आवाज लागला! खर्जातून असा उठला की मी स्वतःच दचकलो. झुल्यावरची माणसं वळून पाहू लागली. जलेबीवाल्याचा झारा हवेतच राहिला. दुसऱ्या ओळीला श्वास संपला खरा, पण संपता संपता जो बारीक सूर राहिला तोसुद्धा मैदानाच्या टोकापर्यंत गेला. मला वाटलं, झालं, पंचविशी परत आली. मग मी कोणाच्या बापाला ऐकतो? विक्कीची ढाल उलटी झाली, तो मुका झाला, तर त्याचंही भाषण मीच म्हणून टाकलं. राणीनं राजाच्या मोबाइलवरून त्याची उलटतपासणी घेतली, जी आपल्या दंडारीत कधीच नव्हती. लोक पोट धरून हसले. माझा प्रवेश संपला तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या.

पडद्याआड आलो. पोचू पाणी प्यायला आला होता. मी त्याचा खांदा धरला आणि म्हणालो, "पाह्यलं का पोचू? माइक लागला नाई! आजकालच्या पोट्ट्यांच्या गळ्यात दम कुठी हाय?" बाहेर एकदम हशा झाला. मला वाटलं विक्कीनं काही केलं. मग मी खोकलो. मैदानभर कोणीतरी राक्षसासारखं खोकलं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. खाली बसलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सब ठीक हाय गा पोचू, पण मुखरू नाई तं राणी कोनाच्या भरोशावर रुसंन? त्या पोट्ट्यावर रुसाले मजा नाई येत." या वेळी बाहेर कोणी हसलं नाही.  पोचूनं माझ्या अंबाड्याकडे बोट दाखवलं.

गजऱ्यात बोटाएवढा माइक होता, बिनवायरचा. दिव्यानी पडद्याच्या कडेला उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "बंद कराचा राह्यला, आबाजी." मला राग आला होता, खोटं कशाला लिहू. लाजही वाटली. गजऱ्यासकट तो माइक उपटला, तिच्या हातात दिला आणि शेवटच्या गाण्याला तसाच बाहेर गेलो. म्हटलं, जे आहे ते आहे. गळा ताणून गायलो. पुढच्या चार ओळींतली माणसं माना डोलवत होती. त्यांच्या मागची एकमेकांकडे पाहत होती. तेव्हा अगदी मागून, जिथे पूर्वी बैलबंड्या सोडलेल्या असायच्या आणि आता मोटारसायकली असतात, तिथून एक बाई उभी राहिली आणि ओरडली, "अजी, आवाज नाई येऊन राह्यला! लावा ना तो माइक! कायले एवढा नखरा?" आवाज ओळखीचा होता. तो सुगंधाचा होता.

हजार माणसांसमोर बायको ओरडल्यावर राणीनं काय करायचं, हे आपल्या दंडारीत लिहिलेलं नाही. मी पडद्याकडे हात केला. दिव्यानी धावत आली आणि सगळ्यांच्या देखत माइक माझ्या अंबाड्यात खोचला. मी म्हणालो, "आता आयकू येते का?" मागून बायकांचा एकच होकार आला. मग पहिल्यापासून गायलो. विक्की माझ्या पायाशी लोळला, राणीचा रुसवा गेला, दंडार संपली.

संध्याकाळी घरी जाताना सुगंधा सारखी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, काय झालं? ती म्हणाली, "राजा मरत नाई का?" मी म्हणालो, कोणता राजा? तेव्हा कळलं. मुखरूभाऊ, आपल्या जमान्यात पुढे बाप्ये बसत आणि बायका पोरांना घेऊन मागे, बंड्यांपाशी. तिथपर्यंत फक्त ढोलकी जायची. लग्न झाल्यापासून दर मंडईला सुगंधानं आपली दंडार पाहिली, ऐकली एकदाही नाही. शेवटी तू माझ्या पायांशी लोळायचास ना, तर मागून तिला वाटायचं की राजा मेला. "दर साली रडो मी," म्हणाली. "मुखरूभाऊ दुसऱ्या दिवशी चाय प्याले आले का बरं वाटे." मी रस्त्यातच थांबलो. वैनगंगा ओलांडणारा आवाज घरच्या बाईपर्यंत पोचला नव्हता. ती मात्र पुढे चालता चालता राणीचं गाणं म्हणत होती, शब्दांसकट, आणि एकही शब्द चुकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दिव्यानीकडे गेलो. ओरडा बसेल म्हणून ती आधीच चहा ठेवून बसली होती. मी म्हणालो, पोरी, आमचे दिवस चांगले होते, पुढच्या चार ओळींसाठी. मागच्यांचं तू पाहिलंस. ती म्हणाली, "पर आबाजी, गाणं तं तुमच्याचपाशी होतं. माह्यापाशी नुसते डब्बे हाय." बघ, बोलायलाही येतं तिला. आपल्या वेळी अशी एखादी असती तर तुझं-माझं नाव मुंबईपर्यंत गेलं असतं. (की तिनं आपल्याला हाकलून स्वतःच राणीचं काम केलं असतं, तेही शक्य आहे.)

तर सांगायचं ते एवढंच. चांगले दिवस पाहून झाले असं पुन्हा म्हणू नकोस. ऐकायचे बरेच राहिले आहेत.

तुझी रुसलेली राणी,
इसरू

ता. क. : सुगंधानं शब्द ऐकल्यापासून गाण्यात दुरुस्त्या सुरू केल्या आहेत. तिचं म्हणणं, राणीनं इळा घ्या म्हणून विनवण्या कशाला करायच्या? "मी असती तं पहिले घोडा इकला असता." पुढच्या खेळात घोडा विकतो आहोत.

दुसरा ता. क. : पुढचा खेळ आलापल्लीला ठरला आहे. विक्कीला गडचिरोलीत नोकरी लागली, त्यामुळे सिंहासन रिकामं आहे. मंडळींना मी तुझं नाव सांगून टाकलं. येत्या रविवारी दिव्यानीची गाडी तुला घ्यायला गडचांदूरला येईल. बसायला पुढची सीट आहे, स्पीकर मागे असतात. गोळ्या आणि एक स्वेटर बांधून ठेव.

तिसरा ता. क. : सगळी गाणी विसरलो, असा निरोप पाठवू नकोस. तुझ्या प्रवीणला मी आधीच फोन केला होता. तो म्हणाला, बाबा रोज सकाळी न्हाणीत राजाचं गाणं म्हणतात, आणि अलीकडे राणीचंही म्हणायला लागले आहेत. ते दुसरं ताबडतोब बंद कर.