सोमवारी नखं दाखवायची

बाई, तुम्हाला आठवणार नाही म्हणून आधी सांगते. सातवीत खिडकीजवळच्या बाकावर बसणारी, विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी, ती मी. नाव लिहीत नाही. तुम्ही मला नावानं हाक मारलीच नव्हती, ‘ए खिडकीतली’ म्हणायचात. आज रविवार. जेवणं आटोपली की मी नखं करायला बसते. गेली कित्येक वर्षं हाच माझा शौक. कोमट पाण्यात बोटं भिजवायची, काडीच्या बोथट टोकानं नखाच्या मुळाशी आलेली कातडी मागे सारायची, कानशीनं कडा गोल करायच्या, तिळाचं तेल चोळायचं, तेल पुसून मग रंग. डाव्या हाताचा रंग वाळतो आहे आणि मी उजव्या हातानं तुम्हाला लिहिते आहे. परवा माझी नखं बघून एक शेजारीण म्हणाली, “शाळेत चांगली शिस्त लावली असंल कोणीतरी.” मला इतका राग आला की तिला चहासुद्धा विचारला नाही.

सोमवारी प्रार्थना झाली की नखं. आम्ही दोन्ही हात पालथे करून बाकावर ठेवतो. तुम्ही एकेकीची बोटं स्वतःच्या तळहातावर घेऊन बघत येता. माझ्यापाशी येता आणि लाकडी पट्टी पुढे करता. पट्टीच्या टोकानं माझं एकेक बोट उचलता. दोन वर्षांत तुमचा हात मला एकदाही लागला नाही. आम्ही बौद्ध होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, पण तुमच्या हजेरीपुस्तकाच्या कोपऱ्यात आमची जुनी जातच होती. मी शाळेतून आल्यावर मायसोबत विड्या वळायची. तंबाखूनं बोटं पिवळी व्हायची आणि धुऊन निघायची नाहीत. एका सोमवारी मी नखं अगदी मुळापर्यंत कापून आले होते, दोन बोटांतून रक्तही आलं होतं. तुम्ही पट्टी ठेवलीत आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालात, “नखं कापली म्हणजे हात स्वच्छ होतात असं नाही. काही हातांचं मूळच तसं असतं.” पोरी हसल्या. तुम्ही त्यांना गप्प केलं नाहीत.

घरी मायनं विचारलं, “काहून रडून राहिली वं?” मी सांगितलं. ती शिव्या देईल, शाळेत येऊन भांडेल असं वाटलं होतं. ती तर आपले हात उलटेसुलटे करून पाहत राहिली. मग म्हणाली, “आजपासून तू तमाखूले हात नको लावू. माह्यं मी पाहून घेईन.” त्या दिवसापासून माझ्या वाटच्या विड्याही तिनंच वळल्या. दर रविवारी दुपारी ती चुलीवर पाणी तापवायची, लिंबाच्या साली माझ्या बोटांवर घासायची, एकेक नख उजेडात धरून बघायची. आधी मी ते भीतीनं करून घेत होते. नंतर कधीतरी मला ते आवडायला लागलं. नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर असते हे मला तेव्हा दिसलं, आणि दहा बोटांच्या दहा कोरी मी मोजत बसायची.

वर्षाच्या शेवटी तुम्ही ‘सगळ्यांत नीट हात’ म्हणून बक्षीस ठेवलंत, एक नेलकटर. माझे हात त्या वर्षी वर्गात सगळ्यांत नीट होते, बाई. हे मी आजही छाती ठोकून सांगते. तुम्ही तो नेलकटर माझ्या बाकावरच्या मुलीला दिलात. ती दातांनी नखं कुरतडायची, तिची बोटं सदा ओली असायची. शाळा सुटल्यावर तिनं तो माझ्या दप्तरात टाकला. “घे वं. मी तं दातानंच खाते, मले काय कामाचा?” वर्गात तेवढी एक मुलगी न्यायानं वागली.

पुढे बँकेत नोकरी लागली. मी जरीपटक्याच्या बाजारातून लाल रंगाची पहिली बाटली आणली आणि मायसमोर भीत भीत हात धरला. ती म्हणाली, “मस्त दिसते ना वं! माह्या आंगठ्यालेही लावून दे.” तो आंगठा तंबाखूनं इतका काळपट झाला होता की दोन हात द्यावे लागले. दिवसभर ती तो आंगठा शेजारणींना दाखवत फिरली. दुसऱ्या दिवशी विड्यांची तोंडं दाबता दाबता सगळा रंग उडाला. पुन्हा लावू म्हटलं तर म्हणाली, “राहू दे. एकदा लागला, झालं.”

आणि मग एका नोव्हेंबरमध्ये तुम्ही माझ्या टेबलासमोर आलात. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. चष्मा जाड झाला होता, हात थरथरत होता, जुन्या सहीशी सही जुळत नव्हती. मी तुम्हाला पायरीवरच ओळखलं होतं. तुम्ही माझ्या हातांकडे बघून म्हणालात, “किती सुबक ठेवलीत हो नखं! चांगल्या घरचे संस्कार लपत नाहीत.” माझ्या तोंडाशी आलं होतं की त्या घरी विड्या वळत होत्या. मी म्हणाले, “सही जुळत नाही. तुम्हाला ओळखणारं कुणीतरी साक्षीला आणावं लागेल.” तुम्ही म्हणालात, “इथं मला कोण ओळखतं, बाई?” तुम्ही मला बाई म्हणालात. मी म्हटलं, “मग उद्या या, कुणाला तरी घेऊन.”

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका गृहस्थांना घेऊन आलात, काम झालं. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेल्याचं कळलं. तुमचं काही नुकसान झालं नाही, एक हेलपाटा पडला इतकंच, असं मी स्वतःला सांगत आले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. माझा शौक माझाच आहे, तुमच्या पट्टीचा नाही, हे तुम्हाला ठणकावून सांगायला बसले होते. लिहून झाल्यावरही तेवढी खात्री वाटत नाही. साक्षीदाराच्या रकान्यात मला सही करता आली असती. तसा नियम होता, आणि तो मला ठाऊक होता. तुम्ही कठडा धरून एकेक पायरी उतरत होतात आणि मी खुर्चीतून बघत होते. मला बरं वाटत होतं, बाई.