मॉस पाळीव की कामाचा?

नेझबी,
बटाटे काढायचे दिवस

आदरणीय मेव्हिसवन्संना ग्लेनिसचा नमस्कार. (तुम्हाला वन्सं म्हणायचा हक्क मला उरला आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं. लग्न झालंच नव्हतं, तेव्हा तसा तो आधीही नव्हता. पण इतक्या वर्षांची सवय झालेली जीभ आता कुठे वळवू?) तुमचा गुडघा कसा आहे? समुद्राची हवा गुडघ्याला बाधते हे मी मागेच म्हटलं होतं, पण माझं ऐकतं कोण! इकडे सकाळचं दव गोठायला लागलंय. मी ठणठणीत आहे. झोप उत्तम लागते, जेवण जातं, आणि तुमचे बंधुराज नेव्हिल सध्या ओमारूला तुमच्या मागच्या खोलीत पथारी पसरून आहेत, याचं मला काडीचंही दुःख नाही.

भांडण कशावरून झालं हे त्याने सांगितलं नसेलच. शेजारच्या अलिस्टरच्या मुलीच्या लग्नात कुणा पाहुण्याने माझ्याकडे बघून विचारलं, या कोण? तर हा म्हणाला, "ही ग्लेनिस. हिच्याकडे मी राहतो." राहतो! वन्सं, जसं काही मी लॉजच चालवते! याचे मोजे रफू करून माझे डोळे गेले, याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, मॉसला, मी हाताने गोळ्या चारते, आणि हा माझ्याकडे राहतो. घरी आल्यावर मी म्हटलं, राहतोस ना, मग सोड खोली. तोही तुमचाच भाऊ. म्हणाला, सोडतो, पण कायद्याने जे माझं आहे ते घेऊनच.

म्हणून गेलो अलेक्झांड्रा गावाला, मध्यस्थी करणाऱ्या पेट्री वकीलबाईंकडे. (एकाच गाडीतून गेलो, माझ्या गाडीचा टायर बसला होता. वाटेत एक अक्षर बोललो नाही. तो मफलर विसरला म्हणून मी कुंपणापासून पुलापर्यंत बोलले, ते बोलणं धरत नाहीत.) बाई स्वभावाने गोड, पण त्यांच्या कायद्यात उठल्यासुटल्या व्याख्या. घर म्हणजे काय, घरातलं सामान म्हणजे काय, आणि लग्नाशिवाय जोडीने राहणं म्हणजे नेमकं काय. छप्पर एकच होतं का, घरकाम कोण करायचं, चारचौघं तुम्हाला काय समजायची, असं सगळं विचारतात. मी पदर खोचून तयारच होते, म्हणजे आपलं ते जाकिटाचं बटण लावून. म्हटलं आता हा म्हणणार, मी भाडेकरू. बाईंनी विचारलं, तुम्ही जोडीने राहत होता? तर वन्सं, हा ताडकन म्हणाला, "मग काय वेगळे राहत होतो? ती माझं माणूस आहे, बाई!" मला असलं रडू फुटलं! जे ऐकायला मी इतकी वर्षं कान लावून बसले होते, ते हा बोलला कुठे, तर वाटणीच्या टेबलावर. त्या रागात मी चुलीजवळची खुर्ची, होडी, मोठं कपाट, सगळं त्याला देऊन टाकलं.

गाडं अडलं ते मॉसवर. घरातलं पाळीव जनावर कायद्याच्या व्याख्येत घरच्या सामानात मोडतं (सोफा आणि मॉस एकाच रांगेत, सांगा आता!), म्हणजे ते दोघांचं. धंद्याचं जनावर मात्र निराळं. नेव्हिल म्हणाला, मॉस कामाचा कुत्रा आहे, त्याने जन्मभर माझ्याबरोबर मेंढ्या वळल्या. मी म्हटलं, त्याचे पाय अधू झाल्यापासून तो माझ्या पायथ्याशी झोपतो आणि लोणी लावलेले पॅनकेक खातो, कसलं काम नि कसलं काय! मॉसवाचून माझं घर खायला उठेल, हे मात्र मी बोलले नाही. शेवटी बाई दमल्या. म्हणाल्या, तो अजून काम करतो का ते एकदा बघा, करत असेल तर यांचा, नाहीतर तुमचा. आम्ही दोघांनी शब्द दिला.

अलिस्टरने आपल्या कुरणात थोड्या मेंढ्या सोडल्या. गावाला तर निमित्तच हवं होतं. जो तो आपापली ताटली घेऊन हजर. स्कोन, अंड्याचे सँडविच, आणि मार्जोरीचा तो नेहमीचा कोरडा केक. या टोकाला कुंपणाशी मी, त्या टोकाला फाटकात नेव्हिल, मध्ये मेंढ्या. त्याने दोन बोटं तोंडात घालून 'घेऊन ये'ची शिट्टी मारली आणि त्याच्या पायाशी पडलेला मॉस उठला. त्या लंगड्या पायांनी असा सुटला की मार्जोरीच्या हातून केक पडला. (नुकसान काही झालं नाही.) मेंढ्यांकडे ढुंकूनही न बघता तो मला वळसा घालून माझ्या मागे आला आणि भुंकायला लागला. मी उजवीकडे सरकले, तो उजवीकडे. डावीकडे, तर डावीकडे. एक गमबूट चिखलात राहिला, आणि अख्ख्या गावादेखत त्याने मला हाकत हाकत नेलं ते थेट नेव्हिलपुढे उभं केलं.

मॉसचं काय चुकलं? मेंढ्यांचं काम सुटल्यापासून नेव्हिल रोज संध्याकाळी जेवण मांडून मागच्या दारातून हीच शिट्टी मारायचा, आणि मॉस मला भाजीच्या वाफ्यातून घरी आणायचा. बिचाऱ्याला दुसरी मेंढी ठाऊकच नाही. लोक पोट धरधरून हसले. अलिस्टर म्हणाला, कुत्रा कामाचाच निघाला बुवा, आता मेंढी कुणाची तेवढं ठरवा. नेव्हिल हसला नाही. मीही नाही. पण शब्द म्हणजे शब्द. मॉसचा पट्टा मी त्याच्या हातात दिला आणि एका गमबुटावर घरी आले.

तर असं सगळं सुरळीत पार पडलं. मी अगदी सुखात आहे. गुडघ्याला जपा, आणि या माजी किंवा कधीच नसलेल्या भावजयीवरची माया आटू देऊ नका.

तुमची
ग्लेनिस

ता. क. मॉसची गोळी चीजमध्ये लपवून द्यावी लागते. नेव्हिलची रक्तदाबाचीसुद्धा.

आणखी ता. क. संध्याकाळी कुणी बोलवत नाही, त्यामुळे मी अंधार पडेपर्यंत वाफ्यातच असते. माझे बटाटे कधीच काढून झाले. नुसतीच उभी असते.

शेवटचा ता. क. निघताना पेट्रीबाई म्हणाल्या होत्या की समेट होतो का बघायला दोघं काही आठवडे पुन्हा एकत्र राहिली, तर वेगळं होण्याच्या हिशेबात कायदा ते दिवस मोजत नाही. हे नेव्हिलच्या कानावर घाला, पण माझं नाव येऊ देऊ नका. म्हणावं, हाक मारू नकोस, माफी मागू नकोस. मागच्या दारात उभं राहून शिट्टी तेवढी मार. पुढचं मॉस बघेल.